बूट लोडर, लिनक्स प्रणालीचा

संगणकाला विद्युत् पुरवठा मिळाल्यापासून परिचालन प्रणाली ताबा घेईपर्यंतच्या अवधीत त्या प्रणालीचा गाभा चकतीवरून शोधून काढून मुख्य स्मृतीत आणणारा व त्याच्याकडे नियंत्रण सोपविणारा छोटा कार्यक्रम म्हणजे बूट लोडर होय. लिनक्स या परिचालन प्रणालीच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. कोणता कर्नेल आणावयाचा, तो चकतीच्या कोणत्या विभागात आहे, त्याला सुरुवातीलाच कोणत्या सूचना द्यावयाच्या आणि वापरणाऱ्याला निवड करण्यास किती वेळ द्यावयाचा, या गोष्टी बूट लोडरला एका फाइलमधून कळतात. या नोंदींच्या समूहाला बूट लोडरचा विन्यास म्हणतात. व्यवहारात मात्र कॉन्फिगरेशन हाच शब्द रूढ आहे. चकतीवरील मांडणी, कर्नेलची आवृत्ती किंवा वापरणाऱ्याची गरज बदलली की विन्यासही बदलावा लागतो. ही कृती काही सेकंदांची असते. परंतु तिच्यात झालेली चूक त्या क्षणी दिसत नाही. ती पुढच्या वेळी संगणक सुरू करताना दिसते आणि त्या वेळी ती दुरुस्त करण्याची नेहमीची साधने हाताशी नसतात. विन्यास अद्ययावत करण्यासंबंधीचे बहुतेक सर्व नियम या एका वस्तुस्थितीतून निघालेले आहेत.

आरंभाची प्रक्रिया : ‘बूट’ हे ‘बूटस्ट्रॅप’ या शब्दाचे संक्षिप्त रूप आहे. पायांतील उंच बुटाचा पट्टा स्वतःच ओढून स्वतःला वर उचलणे, या अशक्यप्राय गोष्टीवरून हा शब्द संगणकशास्त्रात आला. चकतीवरील कार्यक्रम वाचण्यासाठी संगणकाला एक कार्यक्रम लागतो आणि तो कार्यक्रमही चकतीवरच असतो, असा हा पेच आहे. तो पायरीपायरीने सोडविण्यात येतो. पहिली पायरी म्हणजे मुख्य फलकावरील चिपमध्ये कायम नोंदलेला कार्यक्रम, म्हणजेच फर्मवेअर. आय्‌बीएम कंपनीने १९८१ मध्ये बाजारात आणलेल्या वैयक्तिक संगणकात या फर्मवेअरला बायॉस असे नाव होते. बायॉसची समज मर्यादित असे. ते चकतीवरील पहिला ५१२ बाइटांचा खंड जसाच्या तसा उचलून स्मृतीत ठेवी व त्यातील सूचना पाळू लागे. या खंडातील ६४ बाइट विभागांच्या कोष्टकासाठी व शेवटचे २ बाइट खुणेसाठी राखलेले असल्याने बूट लोडरच्या वाट्यास जास्तीत जास्त ४४६ बाइट येत. एवढ्या जागेत संपूर्ण बूट लोडर बसत नाही. म्हणून तेथे केवळ पहिला तुकडा ठेवून उरलेला भाग त्या खंडाच्या पुढील मोकळ्या जागेत ठेवण्याची पद्धत पडली. या जुन्या कोष्टकात सु. २ टेराबाइटांपलीकडची जागा नोंदविता येत नाही, ही तिची आणखी एक मर्यादा होय.

या मर्यादा दूर करण्यासाठी इंटेल कंपनीने विकसित केलेल्या ईएफआय या मानकाचे पुढे यूईएफआय असे रूपांतर झाले. २००५ मध्ये त्याच्या देखरेखीसाठी अनेक उत्पादकांचा एक मंच स्थापन करण्यात आला. या पद्धतीत फर्मवेअरला चकतीवरील एक लहान स्वतंत्र विभाग फाइलींसह वाचता येतो आणि बूट लोडर त्या विभागात एक साधी फाइल म्हणून राहतो. कोणती फाइल प्रथम चालवावयाची, याची यादी मुख्य फलकावरील कायम स्मृतीत असते. त्यामुळे आधुनिक संगणकात आरंभाशी संबंधित नोंदी दोन ठिकाणी असतात : एक फर्मवेअरच्या यादीत व दुसरी बूट लोडरच्या स्वतःच्या विन्यासात. संगणक सुरू होत नाही अशी तक्रार आल्यास यांपैकी कोणत्या ठिकाणी दोष आहे, हे प्रथम ठरवावे लागते [⟶ संगणक].

इतिहास : लीनस टोरव्हाल्ड्स यांनी हेलसिंकी येथे विद्यार्थी असताना १९९१ मध्ये लिनक्स कर्नेल प्रसिद्ध केला. त्यानंतर लवकरच, १९९२ मध्ये, वेर्नर आल्मेस्बेर्गर यांनी लिलो हा बूट लोडर तयार केला व तो अनेक वर्षे प्रचारात राहिला. लिलोला फाइलींची नावे कळत नसत. कर्नेल चकतीच्या कोणकोणत्या खंडांत साठविला आहे त्यांचे क्रमांक त्याला आधीच काढून द्यावे लागत. साहजिकच कर्नेल बदलला की लिलोची आज्ञा पुन्हा चालविणे अनिवार्य असे. ती चालविण्याचे राहून गेले, तर नोंदलेल्या क्रमांकांच्या खंडांत जुना कर्नेल असण्याची शाश्वती राहत नसे आणि संगणक अर्धवट अक्षरे उमटवून थांबे. लिलोचा विकास २०१५ मध्ये थांबविण्यात आला.

ग्रब हा दुसरा बूट लोडर एरिक बोलिन यांनी १९९५ मध्ये ग्नू प्रकल्पातील हर्ड या प्रणालीसाठी लिहिण्यास घेतला. १९९९ मध्ये गॉर्डन मॅट्झिगकाइट व योशिनोरी ओकुजी यांनी त्याला ग्नू प्रकल्पाचे अधिकृत अंग बनविले. चकतीवरील फाइलींची रचना ग्रबला स्वतःला वाचता येते. त्यामुळे तो कर्नेल नावाने शोधतो आणि खंडांचे क्रमांक पुन्हा पुन्हा नोंदविण्याची गरज उरत नाही. जुन्या ग्रबचा विन्यास ‘मेन्यू.एलएसटी’ नावाच्या एका छोट्या फाइलमध्ये असे व ती हातानेच लिहिली जाई. पुढे ग्रब २ या नावाने संपूर्ण पुनर्लेखन झाले. उबुंटू या वितरणाने २००९ च्या ऑक्टोबरमधील आवृत्तीपासून ते स्वीकारले आणि २.०० ही आवृत्ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. ग्रब २ मध्ये विन्यास ही केवळ यादी राहिली नाही. तिला अटी, चल राशी व फलने असलेल्या लहानशा आज्ञाभाषेचे रूप आले. अशी फाइल हाताने लिहिणे सामान्य वापरणाऱ्याच्या आवाक्यातले नसल्याने ती यंत्राकडूनच तयार करवून घेण्याची पद्धत सुरू झाली.

विन्यासाची रचना : ग्रब २ चा विन्यास समजण्यासाठी तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. पहिली गोष्ट म्हणजे माणसाने लिहावयाच्या पसंती. त्या ‘ईटीसी’ निर्देशिकेतील ‘डिफॉल्ट’ या उपनिर्देशिकेत ‘ग्रब’ नावाच्या फाइलमध्ये असतात. दुसरी गोष्ट म्हणजे ‘ईटीसी’मधीलच ‘ग्रब.डी’ या निर्देशिकेतील लहान आज्ञासंच. त्यांच्या नावांच्या आरंभी क्रमांक असतात व ते त्या क्रमाने चालतात. १० क्रमांकाचा संच चकतीवरील लिनक्स कर्नेल शोधतो, ३० क्रमांकाचा इतर परिचालन प्रणालींचा शोध घेतो, तर ४० क्रमांकाचा संच वापरणाऱ्याने स्वतः लिहिलेल्या नोंदींसाठी मोकळा ठेवलेला असतो. तिसरी गोष्ट म्हणजे या दोहोंपासून तयार होणारी ‘ग्रब.सीएफजी’ ही फाइल. ती ‘बूट’ निर्देशिकेत राहते व आरंभाच्या वेळी ग्रब फक्त हीच फाइल वाचतो.

यांपैकी पहिल्या दोन गोष्टी मूळ होत व तिसरी त्यांपासून निघालेली आहे. मूळ खतावणीत दुरुस्ती न करता तिच्यावरून काढलेल्या ताळेबंदात आकडा बदलला, तर पुढच्या ताळेबंदात जुनाच आकडा पुन्हा येतो. तोच प्रकार येथे घडतो. ‘ग्रब.सीएफजी’मध्ये हाताने केलेला बदल पुढचा कर्नेल बसविला जाताच पुसला जातो. उलट, पसंतीच्या फाइलमध्ये बदल करून ती नुसती साठविली, तर काहीच घडत नाही. कारण तिच्यावरून नवी ‘ग्रब.सीएफजी’ तयार झालेली नसते. नवख्या वापरणाऱ्यांच्या अडचणींपैकी पुष्कळशा या दोन गैरसमजांतून उद्‌भवतात.

पसंतीच्या फाइलमधील मुख्य नोंदी थोड्याच आहेत. एका नोंदीत निवडसूचीतील कोणती ओळ आपोआप सुरू करावयाची हे सांगितलेले असते. हा क्रमांक शून्यापासून मोजतात. म्हणजे पहिल्या ओळीचा क्रमांक ० असतो. ओळींचा क्रम नव्या नोंदींमुळे बदलू शकत असल्याने नुसता क्रमांक लिहिण्यापेक्षा नोंदीचे शीर्षक वा तिची खूण लिहिणे अधिक भरवशाचे ठरते. दुसऱ्या नोंदीत निवडीसाठी थांबावयाचे सेकंद दिलेले असतात. तिसऱ्या नोंदीत कर्नेलला द्यावयाच्या सूचनांची ओळ असते. उदा., ‘क्वायट’ या सूचनेने आरंभीचे संदेश बहुतांशी दडविले जातात, तर ‘नोमोडसेट’ या सूचनेने कर्नेल पडद्याची चित्ररीत स्वतः बदलत नाही. पडदा काळा राहण्याच्या तक्रारीत ती उपयोगी पडते. मूळ विभाग कोणता, ही माहिती आज्ञासंच स्वतः भरतात. त्यासाठी चकतीचे ‘एसडीए’, ‘एसडीबी’ असे नाव न वापरता विभागावर कोरलेला दीर्घ ओळखक्रमांक वापरण्यात येतो. कारण नवी चकती जोडली असता नावे बदलू शकतात, ओळखक्रमांक बदलत नाही.

अद्ययावत करण्याची कृती : प्रत्यक्ष कृतीचे टप्पे पुढीलप्रमाणे असतात. प्रथम पसंतीच्या फाइलची प्रत वेगळ्या नावाने काढून ठेवण्यात येते. मग प्रशासकाच्या अधिकाराने मूळ फाइल उघडून हवा तो बदल करतात. एका वेळी एकच बदल करणे इष्ट असते. त्यानंतर ‘ग्रब-एमकेकॉन्फिग’ ही आज्ञा निष्पन्न फाइलचा मार्ग देऊन चालवितात. डेबियन व तिच्यापासून निघालेल्या उबुंटू, मिंट इ. वितरणांत याच आज्ञेला मार्गासह गुंडाळून ‘अपडेट-ग्रब’ अशी सुटसुटीत आज्ञा केलेली आहे. आज्ञा चालू असताना सापडलेल्या प्रत्येक कर्नेलचे नाव पडद्यावर उमटते. ही यादी वाचणे हा उपचार नव्हे. अपेक्षित कर्नेल वा दुसरी परिचालन प्रणाली तीत नसेल, तर ती पुढच्या निवडसूचीतही असणार नाही. आज्ञा नवी फाइल आधी तात्पुरत्या नावाने तयार करते, तिच्यातील व्याकरण तपासते आणि दोष न आढळल्यासच जुन्या फाइलच्या जागी ठेवते. मात्र ही तपासणी केवळ व्याकरणाची असते. शुद्ध रीतीने लिहिलेली पण चुकीची सूचना तिला ओळखता येत नाही.

नवा बदल हानिकारक ठरेल अशी शंका असल्यास दोन उपाय उपलब्ध आहेत. संगणक सुरू होताना निवडसूचीवर ‘ई’ ही कळ दाबली असता त्या नोंदीतील ओळी पडद्यावर येतात व त्यांत तेवढ्या वेळेपुरता बदल करता येतो. तो कोठेही साठविला जात नाही. संगणक व्यवस्थित सुरू झाला, तरच तो बदल पसंतीच्या फाइलमध्ये कायम करावा. दुसरा उपाय ‘ग्रब-रीबूट’ या आज्ञेचा. तिच्या योगे विशिष्ट नोंद फक्त पुढच्या एका आरंभासाठी निवडली जाते व त्यानंतर नेहमीची नोंद पुन्हा लागू होते. ही सोय चालण्यासाठी आपोआप सुरू होण्याची नोंद ‘सेव्हड’ अशी लिहिलेली असावी लागते. संगणक सुरू झाल्यावर त्याला प्रत्यक्षात कोणत्या सूचना मिळाल्या, हे ‘प्रॉक’ निर्देशिकेतील ‘सीएमडीलाइन’ या फाइलवरून पडताळता येते.

वितरणांतील भेद : सर्व लिनक्स वितरणांत ही कृती सारखी नसते. रेड हॅट परिवारातील वितरणांत आज्ञेचे नाव ‘ग्रब२-एमकेकॉन्फिग’ असे आहे. फेडोरा वितरणाने २०१९ पासून प्रत्येक कर्नेलसाठी स्वतंत्र छोटी फाइल ठेवण्याची पद्धत स्वीकारली. २०२१ पासून तेथे यूईएफआय विभागातील ‘ग्रब.सीएफजी’ ही केवळ मुख्य फाइलकडे बोट दाखविणारी दोन-तीन ओळींची फाइल झाली. जुन्या माहितीवर विसंबून तिच्यावरच नवा विन्यास लिहिणे आता चुकीचे ठरते. ग्रबच्या २०२१ मधील २.०६ या आवृत्तीपासून इतर परिचालन प्रणालींचा शोध सुरक्षेच्या कारणास्तव मुळात बंद ठेवण्यात आला. परिणामी विंडोज व लिनक्स एकत्र असलेल्या काही संगणकांच्या निवडसूचीतून विंडोजची ओळ नाहीशी झाली. विंडोज पुसली गेली असा समज त्यामुळे होऊ शकतो. वस्तुतः पसंतीच्या फाइलमध्ये हा शोध पुन्हा चालू करून विन्यास अद्ययावत केला की ती ओळ परत येते. सिस्टिमडी-बूट या दुसऱ्या बूट लोडरचा विन्यास साध्या मजकुराच्या छोट्या फाइलींचा असतो व तो यूईएफआय संगणकांवरच चालतो. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकात तर ग्रब नसतोच. त्याचे फर्मवेअर ‘कॉन्फिग.टीएक्सटी’ व ‘सीएमडीलाइन.टीएक्सटी’ या फाइली थेट वाचते.

लोडर व विन्यास यांतील तफावत : विन्यास अद्ययावत करणे आणि बूट लोडर पुन्हा बसविणे या भिन्न कृती होत. पहिलीत केवळ वाचावयाची फाइल बदलते. दुसरीत, म्हणजे ‘ग्रब-इन्स्टॉल’ या आज्ञेत, ती वाचणारा कार्यक्रम चकतीच्या आरंभी अथवा यूईएफआय विभागात नव्याने ठेवला जातो. या दोहोंत अंतर पडले, तर काय होते याचे उदाहरण २०२२ च्या ऑगस्टमध्ये आर्च लिनक्स व तिच्यापासून निघालेल्या वितरणांत पाहावयास मिळाले. ग्रबच्या नव्या आवृत्तीतील एका आज्ञासंचाने विन्यासात एक नवी चौकशी घातली : फर्मवेअरच्या मांडणीपटलावर जाण्याची सोय या संगणकात आहे काय? ज्या संगणकांवर विन्यास नवा पण प्रत्यक्ष बसविलेला ग्रब जुना होता, तेथे त्या जुन्या ग्रबला चौकशीचा अर्थ न कळून त्याने थेट मांडणीपटलच उघडले. असे संगणक दरवेळी तेथेच येऊन थांबू लागले. फाइल शुद्ध होती, कार्यक्रमही शाबूत होता. फक्त लिहिणारा व वाचणारा यांची आवृत्ती एक नव्हती.

सुरक्षितता : यूईएफआयमधील सुरक्षित आरंभ या व्यवस्थेत फर्मवेअर फक्त अंकीय स्वाक्षरी असलेलाच बूट लोडर चालविते. परंतु ‘ग्रब.सीएफजी’ ही प्रत्येक संगणकावर वेगळी असल्याने तिच्यावर सामान्यतः स्वाक्षरी नसते. या फटीचे महत्त्व २०२० च्या जुलैमध्ये स्पष्ट झाले. ‘बूटहोल’ या नावाने ओळखला गेलेला दोष ग्रबच्या विन्यास वाचणाऱ्या भागातच होता. अवाजवी लांबीचा मजकूर विन्यासात घालून, प्रशासकाचा अधिकार मिळविलेल्या हल्लेखोरास परिचालन प्रणाली सुरू होण्यापूर्वीच संगणकावर ताबा मिळविता येत होता. दुरुस्ती तातडीने प्रसृत झाली. पण तिच्यासोबत आलेल्या दुसऱ्या घटकातील दोषामुळे रेड हॅट परिवारातील काही संगणक सुरू होईनासे झाले व दुरुस्तीची दुरुस्ती करावी लागली. त्यानंतर जुन्या, सदोष बूट लोडरांना पिढीच्या क्रमांकावरून बाद ठरविण्याची एसबॅट ही पद्धत आली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विंडोजच्या एका अद्ययावतीकरणाने हीच पद्धत लागू केल्यावर, दोन्ही परिचालन प्रणाली असलेल्या अनेक संगणकांवर जुना लिनक्स बूट लोडर नाकारला गेला. वापरणाऱ्याने स्वतः विन्यासाला हातही न लावता आरंभ बंद पडू शकतो, हे त्यावरून दिसून आले.

विजेचा खंड व दूरचे ठिकाण : बूट लोडरमधील बिघाडाची किंमत ठिकाणानुसार बदलते. मोठ्या शहरात जाणकार तासाभरात येऊ शकतो. वाशीमसारख्या जिल्ह्यात परिस्थिती वेगळी असते. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्यात वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा हे सहा तालुके आहेत. केंद्र शासनाने २०१८ मध्ये निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्रातील ज्या चार जिल्ह्यांचा समावेश झाला, त्यांपैकी वाशीम हा एक होय. अशा जिल्ह्यातील एखाद्या तालुक्याच्या गावी शाळेच्या संगणक कक्षात बंद पडलेला संगणक दुरुस्तीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा अकोल्यास न्यावा लागला, तर दहा मिनिटांच्या कामासाठी आठवडा मोडू शकतो. लिनक्सचा प्रश्नही अशा ठिकाणी अधिक निकडीचा होतो. विंडोज १० या आवृत्तीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नव्या आवृत्तीला न चालणारे जुने संगणक मोडीत न काढता वापरात ठेवण्याचा लिनक्स हा एक मार्ग आहे. हे करताना पुष्कळदा दोन्ही प्रणाली एकाच संगणकावर ठेवल्या जातात व निवडसूचीचा विन्यास महत्त्वाचा ठरतो.

विजेचा खंड ही दुसरी बाब होय. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने दीर्घ भारनियमन अनुभवले आहे. कर्नेल व विन्यास बदलत असतानाच वीज गेली, तर नवी फाइल अर्धवट राहण्याचा संभव असतो. म्हणून हे काम बॅटरीचा आधार असतानाच करणे हितावह असते. विजेच्या खंडाचा आणखी एक परिणाम कमी परिचित आहे. उबुंटूमध्ये मागचा आरंभ पूर्ण झाला नाही अशी नोंद ग्रब ठेवतो व पुढच्या वेळी निवडसूची दाखवून थांबतो. जुन्या काही आवृत्त्यांत हे थांबणे अमर्याद काळाचे असे. ज्या संगणकाला कळफलक वा पडदा जोडलेला नाही, तो वीज परत येऊनही सुरू होत नसे व यंत्रात बिघाड झाल्यासारखे वाटे. पुढील आवृत्त्यांत ही मुदत ३० सेकंदांची करण्यात आली. पसंतीच्या फाइलमध्ये स्वतंत्र नोंद करून ती आणखी कमी करता येते.

महाराष्ट्रातील संदर्भ : प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) ही संस्था १९८८ मध्ये पुणे येथे स्थापन झाली. या संस्थेने २००७ मध्ये ‘बॉस’ (भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्यूशन्स) हे भारतीय भाषांची सोय असलेले लिनक्स वितरण प्रसिद्ध केले. त्यात मराठीचाही समावेश आहे. बॉस हे डेबियनवर आधारलेले असल्याने त्यात विन्यास अद्ययावत करण्याची रीत डेबियनसारखीच आहे. मुंबई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या प्रकल्पात लिनक्सविषयीचे ध्वनिचित्रपाठ मराठीतही उपलब्ध करण्यात आले आहेत. दुसऱ्या टोकाला, २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातील पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतील सर्व यंत्रे लिनक्सवर चालतात. शेकडो संगणकांच्या अशा समूहात प्रत्येकाचा विन्यास स्वतंत्रपणे बदलणे व्यवहार्य नसते. तेथे घटक संगणक पुष्कळदा जाळ्यातून सुरू करण्यात येतात व त्यांचा विन्यास एकाच मध्यवर्ती ठिकाणी ठेवतात. हीच पद्धत लहान प्रमाणावर शाळेच्या कक्षातही वापरता येते. मात्र मध्यवर्ती संगणक बंद पडल्यास सगळा कक्ष बंद पडतो, हा तिचा दोष होय.

बिघाड व पुनःस्थापन : आरंभ बंद पडल्यावर पडद्यावर काय उमटते, यावरून दोषाची जागा ओळखता येते. ‘ग्रब रेस्क्यू’ अशी खूण दिसली, तर ग्रबचा पहिला तुकडा चालला पण त्याला आपले उरलेले भाग सापडले नाहीत. विभाग पुसला वा हलविला असता असे होते. नुसती ‘ग्रब’ अशी खूण आली, तर कार्यक्रम शाबूत आहे पण विन्यासाची फाइल सापडलेली नाही. या स्थितीत विभागांची यादी पाहून, कर्नेल व त्याच्या जोडीची आरंभिक स्मृतिप्रतिमा यांची नावे हाताने देऊन संगणक सुरू करता येतो. निवडसूची येऊन त्यानंतर कर्नेल अडकत असेल, तर दोष बहुधा सूचनांच्या ओळीत, आरंभिक स्मृतिप्रतिमेत वा कर्नेलमध्ये असतो. अशा वेळी सूचीतील जुना कर्नेल निवडून पाहतात. जुना, चालत असलेला निदान एक कर्नेल न पुसण्याचा प्रघात याचसाठी पडला आहे. मात्र जुने कर्नेल फार साठू दिल्यास ‘बूट’ हा लहान विभाग भरून जातो, नवा कर्नेल अर्धाच लिहिला जातो आणि संरक्षणासाठी ठेवलेली वस्तूच बिघाडास कारण होते.

हे उपाय निष्फळ ठरल्यास यूएसबी साधनावरून चालणाऱ्या लिनक्सचा आधार घेतात. त्यावरून संगणक सुरू करून मूळ चकतीचे विभाग जोडण्यात येतात व मूळ प्रणालीत प्रवेश करून बूट लोडर पुन्हा बसविणे व विन्यास अद्ययावत करणे या दोन्ही कृती क्रमाने केल्या जातात. यात वापरणाऱ्याच्या कागदपत्रांना धक्का लागत नाही. संगणक सुरू होत नाही म्हणजे त्यातील माहिती गेली, अशी समजूत सर्वत्र आढळते आणि तिच्यापोटी चकती पुसून सर्व काही नव्याने बसविण्यात येते. बूट लोडरच्या बिघाडात माहिती बहुधा जागच्या जागी असते; हरवलेली असते ती तिच्यापर्यंत जाण्याची वाट. म्हणून विन्यासात बदल करण्यापूर्वी बचावाचे यूएसबी साधन तयार करून, त्यावरून तो संगणक खरोखर सुरू होतो हे पाहून ठेवणे आणि बदलानंतर जाणकार माणूस जवळ असतानाच संगणक एकदा बंद करून पुन्हा सुरू करणे, या दोन गोष्टी संपूर्ण कृतीचा अविभाज्य भाग मानल्या जातात. पुन्हा सुरू करून पाहिल्यावाचून विन्यास अद्ययावत झाला असे म्हणता येत नाही.